जिन्याखालचं क्षेत्रफळ

मनामाच्या जुन्या बाजारात, सोनारांच्या गल्लीमागे
एका तीन मजली इमारतीच्या जिन्याखाली
पिराजी गुळवे बॅगांची चाकं बदलतो.
चेन बसवतो, मुठी शिवतो,
गावाकडं निघालेल्यांची ओझी
दोन दिनारांत चालती करून देतो.

मी पाच दुकानांचे हिशेब लिहिते.
सहावं त्याचं. ते फुकट,
कारण माझ्या बॅगेचे पैसे त्यानं कधी घेतले नाहीत.

बावीस वर्षं तो कुठल्याच कागदात नव्हता.
जिना वरच्या शिंप्याच्या करारात,
दिवा शिंप्याच्या मीटरवर,
बलदियाचा कर शिंप्याच्या बिलात,
आणि पिराजी शिंप्याच्या उपकारात.
मार्चमध्ये शिंपी कायमचा कण्णूरला गेला.
एप्रिलच्या एक तारखेला मालक टेप घेऊन आला.

सहा फूट बाय साडेनऊ.
टेप जमिनीवरून सरळ गेला.
त्याचं दुसरं टोक धरून पिराजी
मागच्या भिंतीकडं सरकला तसा
आधी मान मोडली, मग कंबर,
शेवटचे तीन फूट तर रांगतच.
तिथूनच म्हणाला,
"बाई, त्यास्नी सांगा,
ताठ हुबं ऱ्हाता येतंय तेवढंच मोजा."
मी अरबीत सांगितलं.
हाजी मक्की मनापासून हसले, त्याला हात देऊन उठवलं,
आणि वहीत लिहिलं: सत्तावन्न.

रात्री मी त्याला मांडून दाखवलं.
धंदा किती झाला हे कुणी विचारत नाही,
विचारतात भाडं.
भाड्याच्या दर दहा दिनारांमागे एक,
विजेच्या बिलात, पाण्याच्या ओळीखाली.
ऐंशी भाडं, आठ कर.
सुट्टीच्या आधी जिन्यापर्यंत रांग लागो
नाहीतर ऑगस्टात माशी न फिरको,
आठ म्हणजे आठ.
"म्हंजे मालकानं भाडं वाढवलं
की ह्येंचंबी आपसूक वाढलं?"
हो.
"आन वाकायची सूट?"
तसा रकाना नाही, मी म्हटलं.
जन्मभर रकाने आखणारी मी,
उगाच पेनाचं टोपण लावत बसले.

पहिलं बिल आलं त्याच्या नावावर.
त्यांच्या लिपीत प नाही,
ळ तर बहुधा कुणाकडंच नाही.
बिराजी गुलवे, मी वाचून दाखवलं.
त्यानं ते दोनदा म्हणून पाहिलं,
नवा सदरा खांद्यात बसतो का पाहावा तसं.
मग प्लॅस्टिकमध्ये घालून
चाकांच्या डब्याजवळ टांगलं.

"आता आठ दिनारांचं काय आलं ते दाखवा."
गिऱ्हाइकाचा हक्कच तो.
मग दुकान लावल्यावर आम्ही दोघं निघालो:
गटारावरची नवी लोखंडी जाळी,
रस्त्याच्या मधोमध ठिबकवर जगणारे खजूर,
समुद्राकडं तोंड करून एक बाक,
त्यावर दोन बंगाली पोरं एकाच फोनमध्ये डोकं घालून.
पिराजी बाकाजवळ थांबला,
त्याच्या कडेवर तळहात ठेवून म्हणाला,
"ह्यातली बोटभर फळी आपली."
पोरं घाबरून उठायला लागली.
बसा बसा, त्यानं खुणेनं सांगितलं,
आणि मालकासारखा पुढं निघाला.

आता बोर्ड लावल्यावर दिवा बंद करून
तो खुर्ची बाहेर काढतो,
बलदियाच्या खांबाखाली सुई ओवतो.
तिथं डोक्यावर काही नसतं,
तरी मान तिरकीच धरतो. सवय.
किती फिल्सचा उजेड पडतो अंगावर,
मी एकदा काढायला बसले होते.
खांब किती, दुकानं किती, रात्री किती...
सोडून दिलं.

दोन वाजता कचऱ्याची गाडी येते.
तीही त्या आठात.
परवा तिच्यामागं धावताना पाहिलं त्याला,
एका हातात चप्पल, दुसरा वर,
ओरडत होता, थांबा, थांबा,
त्या निळ्या बॅगेची एक मूठ अजून चांगली आहे.