टॉवेलचा दाखला

अक्कलकोट रोडच्या कारखान्यात
माझ्या टेबलावर एका बाटलीत घाम असतो.
खरा नव्हे. मीठ, आम्ल, पाणी, मापून केलेला.
दुसऱ्या बाटलीत लाळ,
तीही कुणाच्याच तोंडची नसलेली.
टॉवेलची चिंधी त्यात भिजवायची,
पांढऱ्या कापडाला दाबून चार तास उबेत ठेवायची
आणि बघायचं, निळा सुटतो का, मरून सुटतो का.

परदेशात कुठलंसं बाळ
हा टॉवेल तोंडात घालून चोखणार आहे.
त्याच्यासाठी मी सही करते:
र. ना. येमूल, तपासनीस.
बाळाचं नाव मला माहीत नाही.
त्याच्या कातडीचे नियम पाठ आहेत, सतरा पानं.

घरी, विडी घरकुलात,
स्रवंती आरशापुढं बसते.
गड्ड्याची जत्रा उलगली की तिचं लग्न.
डबी तिनं मंगळवार बाजारातून आणली,
दीडशेची, घासाघीस करून एकशेवीसला.
झाकणावर बाई, बाईच्या मागं चंद्र.
"आठ दिवसात फरक पडतोय बग अक्का."
पडला.
खोटं कशाला बोलू, सातव्याच दिवशी पडला.
गल्लीतल्या तिघींनी डबीचं नाव विचारलं.

पंधराव्या दिवशी गाल
कांद्याच्या आतल्या पापुद्र्यासारखा झाला,
पातळ, ओलसर, खालच्या शिरा दाखवणारा.
उन्हात गेली की आग.
सोलापूरचं असलं तरी डिसेंबरचंच ऊन ते.
"लावायचं थांबवलं की जास्तच जळतंय," म्हणाली,
म्हणून परत लावत होती.

मी कारखान्यातलं भिंग आणलं,
इंचात किती धागे ते मोजायचं.
डबी फिरवून फिरवून पाहिली.
किंमत होती. वास होता. गुलाबाचं चित्र होतं.
आत काय आहे ते लिहायच्या जागी
दुकानदाराची चिठ्ठी चिकटवलेली.
नखानं सोलली.
खाली सोनेरी वर्ख. अक्षर एकही नाही.

मग मी मूर्खासारखं केलं.
पांढऱ्या टॉवेलची चिंधी ओली करून
तिचा गाल टिपला आणि दिव्याखाली धरली.
काहीच सुटलं नव्हतं.
टॉवेल असता तर पास केला असता.
गालाचं उलटं असतं:
जे बाहेर सुटत नाही
ते आत गेलेलं असतं.

अम्मा सूप मांडीवर घेऊन पानं कातरत होती.
तंबाखूचे हात तिनं पदराला पुसले
आणि कपाळावरची टिकली काढली.
बिनटिकलीची ती मी कधी पाहिलीच नव्हती,
न्हाऊन आल्यावरही आधी टिकली, मग केस.
टिकलीच्या जागी
टिकलीएवढाच पांढरा डाग,
खडूनं काढल्यासारखा गोल.
"सोळा वर्सं झाली. मागचा डिंक बाधला," ती म्हणाली.
"डाग वाढला तशी मोठी टिकली घेत गेले.
या घरात गोरं कोण झालं म्हणशील, तर एवढं."

स्रवंती आधी हसली.
हसू गालाला झोंबलं, डोळ्यांत पाणी आलं,
ते खारट, तेही झोंबलं.
अम्मानं टिकली परत लावली नाही.
सुपाच्या काठाला चिकटवून ठेवली
आणि पुढचं पान घेतलं.

सिव्हिलच्या डॉक्टरीणबाईंनी डबी ठेवून घेतली.
उतरेल, म्हणाल्या, पण सावकाश.
लग्नाच्या फोटोंआधी नाही.

आता हळदीची तयारी चाललीय.
बाजारातनं पिवळीजर्द पुडी आली.
चिमूटभर घेऊन मी ओल्या पांढऱ्या चिंधीवर टाकली
तशी काकू कावल्या,
"आता हळदीलाबी दाखला मागतीस काय गं?"
मी काही बोलायच्या आत
आतल्या खोलीतून स्रवंती म्हणाली,
"मागू दे की."