एक ठोका, दोन ठोके

हळद शिजायच्या दिवसांत
कुरुंद्यापासून वसमतपर्यंत सगळ्या हवेला एकच वास असतो,
म्हणून चाक जळत होतं ते मला उशिरा कळलं.
आधी वाटलं, कुणाच्या तरी कढईखाली
ओली पऱ्हाटी पेटलीय.

गाडी डावीकडं ओढायलीय, हे दोन दिवस माहीत होतं.
हातांनी आपलं आपण स्टिअरिंग जरा उजवीकडं धरलं
आणि मला सांगितलंही नाही.
डिझेल जास्त लागलं, ते मी वजनावर ढकललं:
बावीस पोती, वर ताडपत्री.

मोंढ्याच्या अलीकडं उतरून चाकावर पाणी ओतलं.
चर्र करून अर्धं पाणी माझ्याच तोंडावर.

रज्जाक मिस्त्रीला ऐकू येत नाही.
चाळीस वर्षं ट्रकच्या रिमांवर घण घातले,
हात शाबूत राहिले, कान गेले.
बोलतो मात्र सगळ्या नाक्याला ऐकू जाईल असं:
"पानी कायकू डाले बाई? डिस्क तेढी हुई तो?"

गाईड पिनांवर त्यानं रॉकेल सोडलं,
लांब जाऊन एक बिडी ओढून आला,
मग पाना लावला, पान्यावर पाईप,
पाईपवर स्वतःचं सगळं वजन, जे फार नाही.
वरची पिन सुटली.
खालची कुरकुरत राहिली, मग आली, लालेलाल,
फाटक्या रबरातून आत शिरलेलं गेल्या साली पाणी
आणि त्यावर बसलेली आमची पिवळी धूळ
कडक पेंड होऊन.

पिस्टन तरी हलेना.
"बैठो. ब्रेक मारो. धीरे."
मी दाबला. आणखी दाबला.
खाली काहीतरी फट् वाजलं,
तपकिरी तेल चिंधीवर सांडलं.
पिस्टन त्यानं माझ्यासमोर धरला, बोट फिरव म्हणाला.
रव्यासारखं टोचलं.

"लगता. छूटता नै," तो म्हणाला.
"घिसके डालूं तो दो महिने. फिर?"
त्या फिरचं मी काही बोलले नाही,
बोलले तरी त्याला काय.
नव्याला मान हलवली.

नवा कॅलिपर नांदेडहून आला,
एसटीत, ड्रायव्हरच्या पायापाशी बसून, सव्वासहाला.
तोवर पोती दुसऱ्याच्या टेम्पोत गेली, भाडं माझ्या अंगावर,
आणि शेजारच्या हॉटेलातला मुंजा तीनदा येऊन गेला,
गाडीचे मालक कुठं हायेत?
तिसऱ्यांदा मी त्याला चावी दाखवली.

तेलातली हवा काढायची तेव्हा अंधार पडला होता.
तो चाकाशी, मी सीटवर.
तो मला दिसत नाही. मी त्याला ऐकू येत नाही.
मडगार्डवर पान्यानं त्यानं शिकवलं:
एक ठोका, दाबून धर.
दोन ठोके, सोड.
आणि मी धरलंय हे तुला कसं कळणार?
हातवारे करून विचारलं.
त्यानं ब्रेकच्या होजभोवती मूठ मिटून दाखवली,
नाडी बघावी तशी.

टक्.
दाबते. पेडल विटेसारखं घट्ट,
मग तो निपल उघडत असणार, कारण ते बुडतं,
विहिरीत सोडलेल्या घागरीसारखं.
टक् टक्.
सोडते.
टक्.

किती वेळा, मोजलं नाही.
मध्ये एकदा पुढचे ठोके आलेच नाहीत
आणि मी तशीच धरून राहिले, पोटरी थरथरेपर्यंत.
नंतर कळलं, मोबाईलच्या उजेडात तो
नळीतला एक बुडबुडा वर जाताना बघत बसला होता.

चाक चढवून त्यानं हातानं झटका दिला.
ते फिरलं, फिरत राहिलं,
आणि आम्ही दोघं उगाच तिथं उभे, ते थांबेपर्यंत.

जुना कॅलिपर मागितला तर हसला,
भंगारात साठ रुपये येतील बोला.
मी तो ताडपत्रीच्या कोपऱ्याला बांधलाय.

कालव्याच्या पुलापाशी गाडी थांबवली,
पुढच्या डाव्या रिमला हात लावला.
कोमट.
पलीकडं जाऊन उजव्याला लावला.
कोमट, तेवढंच.