सारख्या मापाची वायर

चौथी बॅटरी मंगळवारी आली, अंबडहून, छोट्या टेम्पोतून.
थर्माकोलचे दाणे अजून जिन्यात उडतायत.
तिघी जुन्या भिंतीला टेकलेल्या,
साडेबावन्न व्होल्टवर स्वस्थ.
नवी, त्रेपन्न पॉइंट तीन.

रुपेश म्हणाला, "लाव ना आई, इतकासा तर फरक."
सातपूरला सव्वीस वर्षं वाइंडिंग केलंय मी.
इतकासा म्हणजे किती
ते तांब्याला विचारावं.
जोडल्या क्षणी भरलेली धावते उणीच्या अंगावर,
मध्ये सापडेल ते जाळत.

थांबलो.
एकेकीला वेगळं चार्ज केलं, दोन रात्री.
सिडको झोपलेलं, चार्जरचा पंखा तेवढा जागा.
गुरुवारी चौघी एका आकड्यावर.

मग वायर. प्रत्येकीला सत्तर सेंटिमीटर,
बसबारला चिकटून बसलेलीलाही.
तिच्या वायरचा वळसा लोंबतो, दिसतो वाईट.
दिसू दे.
जवळची म्हणून आखूड दिली
की हाकेला तीच पहिली,
तीच राबते, तीच आधी संपते.
कारखान्यात हे पहिल्या वर्षी शिकले.
घरात फार उशिरा.

फ्यूज ज्याची त्याला.
बसबारच्या या टोकाला प्लस, त्या टोकाला मायनस,
म्हणजे कुणालाच वाट जवळची नाही.

सव्वासातला गल्लीतली लाइट गेली.
आमचा पंखा फिरत राहिला.
मी क्लॅम्प मीटर घेऊन खाली बसले:
चार, चार, साडेतीन, चार.

तिसरीचा लग सैल आहे.
सकाळी सगळं बंद करून आवळीन.
रुपेश, दहाचा पाना कुठे ठेवलास?