गंधकी, नंबर नाही

नार्वा शहर. पाचवा मजला, लिफ्ट नाही.
रात्री अकराला तैसिया चहा ठेवते
आणि गुरूच्या चंद्राला टाके घालायला बसते.

यानाकडून चित्र येत नाही, पट्ट्या येतात,
लांब, अरुंद, करड्या,
एक तांबड्या काचेतून, एक हिरव्या, एक निळ्या.
यान गिरकी घेत असतं,
म्हणून प्रत्येक पट्टी जराशी सरकलेली,
घाईत बेतलेल्या कापडासारखी.
कडेला कड लावायची. ओढायचं नाही.
ओढलं की ज्वालामुखीला चुणी पडते.

हे तिला कुणी शिकवलं नाही.
एकतीस वर्षं ती नदीकाठच्या गिरणीत
रंगखात्यात होती.
ओल्या सुताकडे बघून सांगायची
वाळल्यावर काय उतरेल ते.
साहेब मोजायचं यंत्र आणायचे,
यंत्र तिच्या मागोमाग हो म्हणायचं.
गिरणी बंद झाली तेव्हा तिला एक कागद मिळाला.
नखांतली निळाई
त्यानंतर चार महिने टिकली.

ग्लेबने, नातवाने, जुना संगणक आणून दिला.
"पत्ते खेळ यावर."
दोन दिवस खेळली.

आयो त्या चंद्राचं नाव.
पाणी नाही, हवा नावापुरती,
गंधकच गंधक, आणि पोटात अखंड ढवळाढवळ.
"मग आमच्या इथलाच की,"
म्हणते, आणि खिडकीबाहेरच्या
राखेच्या टेकड्यांकडे हनुवटी करते.

एका हिवाळ्यात पट्ट्या फाटक्या यायला लागल्या.
रेघा, ठिपके, मध्येच नुसता अंधार.
गुरूजवळच्या माऱ्याने कॅमेरा आतून
भाजत चालला होता.
समुद्रापलीकडच्या इंजिनिअरांनी
शेवटी तो शेकला.
शेकला म्हणजे शेकलाच:
हीटर चढवला आणि वाट पाहत बसले,
तव्यावर मीठ तापवून, पुरचुंडीत बांधून
दुखऱ्या कानाला लावतात तसं.

पुढच्या फेरीला आयो आला. लख्ख.

तैसिया रडली वगैरे नाही.
तिने डॉक्टर मेरिकेला फोन केला,
जिला ती चार वर्षं टाळत होती.
"त्याचं जमलं," म्हणाली, "आता माझं बघा."
कुणाचं, ते मेरिकेने विचारलं नाही.

आधी उजवा.
पट्टी निघाली तेव्हा उशीचा अभ्रा इतका पांढरा
की तिला वाटलं, कुणीतरी दिवा विसरलंय.
घरी आली. कोट न काढता
आपले दोनशे चौदा आयो उघडले.

निळसर होते.
सगळेच्या सगळे. थंडीत काकडलेल्या ओठांसारखे.

चार वर्षं तिच्या डोळ्यात चहा साचत होता,
आणि पिवळं फार होतंय, फार होतंय म्हणत
ती रोज थोडं पिवळं उपसत राहिली
साठ कोटी किलोमीटरवरच्या त्या गरीब चंद्रातून.
गिरणीत हे झालं असतं
तर अख्खा तागा परत आला असता,
वर चिठ्ठी, लाल शाईत.

उजवा डोळा मिटला: चित्र बरोबर.
डावा मिटला: चूक.
दोन्ही उघडे ठेवले
तर मधलंच काहीतरी,
ज्याला छटांच्या वहीत नंबर नव्हता.
आणि तिथे उभं राहून बघितलंय कुणी?
परत पाठवायला गिऱ्हाईक कोण?

एप्रिलात नदीवरचा बर्फ सुटला.
बाजारात ते छोटे चंदेरी मासे आले,
ज्यांना काकडीचा वास येतो.
तिने अर्धा किलो घेतले, तळले,
बोटं पुसली, बसली.
जुनं एकही चित्र पुसलं नाही.
प्रत्येकाखाली तारखेशेजारी लिहिलं:
डोळा, आधीचा.

गुरुवारी दवाखान्यातून आठवण करून दिली:
डाव्याची तारीख.

"पुढे ढकला," तैसिया म्हणाली.
"जूनमध्ये करू.
ताडून बघायला
माझ्याकडे दुसरा नमुना नाही."