पाणी कुठलं घालता?

दस्तगीर मुजावर आधी बॉनेट उघडत नाही.
हात पुसत विचारतो,
"कधी तापते? उभ्यानं, का पळताना?"

सिग्नलला कधीच नाही, मी सांगते.
गाडीतळाच्या चौकात अर्धा तास अडकले तरी निवांत.
दिवे घाट लागला की मात्र
तिसऱ्या वळणापासून काटा उठतो.
"म्हणजे पंखा नाही," तो म्हणतो
आणि एक बोट मिटतो.

गेल्या सोमवारी सासवडच्या शाखेत पोचायचं होतं,
आणि घाटातच वाफ काचेवर आली.
उन्मेषला फोन लावला, नागपूरला.
"हीटर लाव," भाऊ म्हणाला. "पूर्ण. पंखा चारवर."
मे महिना. दुपारचे बारा.
इंजिनाचा ताप मी आत घेतला,
तोंडावर, मांड्यांवर, स्टिअरिंग धरलेल्या बोटांवर,
आणि काटा एक रेघ,
फक्त एक रेघ खाली सरकला.
मग एकदम पडला, पार तळाला.
मला वाटलं, जिंकले.

दस्तगीर हसत नाही.
"ताई, काटा पाण्याचा ताप सांगतो.
पाणीच संपलं तर सांगणार काय?
लटकतो मोकळ्या हवेत
आणि म्हणतो, सगळं ठीक."

वाटणीच्या वेळी उन्मेष फोनवर तडतडायचा,
मी फोन कानापासून हातभर लांब धरायची.
आता विचारलं की म्हणतो, सगळं ठीक.

दस्तगीर डिपस्टिक ओढून फडक्यावर पुसतो.
"दुधाळ नाही. हेड वाचलंय तुमचं."
दुसरं बोट.
गाडी चालू ठेवून वरच्या पाइपाला हात लावतो, झटकतो.
खालच्याला लावतो, तिथंच ठेवतो.
"हा बघा, गार."
त्याच्या मनगटापासून कोपरापर्यंत
कातडी गुळगुळीत आहे, रंग नसलेली.
"एकोणिसाव्या वर्षी. ट्रकचं टोपण, गरम असताना."
पुढं काही सांगत नाही.

इंजिन निवेपर्यंत चहा.
मग खालची नळी सोडतो
आणि घमेल्यात गेरू वाहतो.

"पाणी कुठलं घालता?"

बोअरचं.
सोसायटीच्या टाकीतलं, ज्यानं गीझरची कॉइल दोनदा खाल्ली,
बादलीला पांढरी कड आणली,
डाळ शिजू दिली नाही.
मला हे सगळं ठाऊक होतं.
तरी दर रविवारी कुंड्यांना घालून उरलेलं
मी तिलाच पाजलं,
तहानलेली असेल म्हणून.

रेडिएटरच्या नळ्या चुन्यानं बुजल्यात.
तो थांबत नाही. थर्मोस्टॅट काढून
चहाच्या पातेल्यात टाकतो.
"भाई, पातेलं!" पोरगा ओरडतो.
पाणी खळखळतं,
आम्ही तिघं वाकून बघतो.
झडप अर्धी उघडते आणि अडते.
"दुखणी दोन असतात, ताई.
लोक पहिल्यावर थांबतात."

दुसऱ्या दिवशी बिल, बेअरिंगच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर:
रेडिएटर साफ, थर्मोस्टॅट नवा,
क्लिपा दोन, कूलंट.
आणि खाली, पैसे न लावता:
बोअर बंद.

टोपण उघडं ठेवून इंजिन मंद चालू आहे.
हिरव्या पाण्यात एक बुडबुडा येतो, फुटतो,
पातळी उतरते, पोरगा अजून थोडं ओततो.
"हवा निघू द्या," दस्तगीर म्हणतो. "घाई केली तर आतच राहते."

मी उलट्या क्रेटवर बसून फोन लावते.
"काय गं, झाली का गाडी?"
होतेय.
"काटा कुठं आहे?"
काट्याचं सोड, मी म्हणते.
तू सांग.

बुडबुडा.
पलीकडं कुठंतरी कुकरची शिट्टी.
मी फोन कानाशी घट्ट धरते.