साडेबारा व्होल्ट

एल्गुजाला डोंगरात उजेड न्यायचा होता.
म्हणाला, नातेला, तू धुलाईयंत्रं दुरुस्त करतेस,
तुला एवढं जमेलच.
जणू उजेड म्हणजे पंपात अडकलेला मोजा,
चिमट्याने ओढून काढायचा.

कारखान्यातली तयार पेटी दोन हजार लारींना.
त्याच्याकडे दोनशे,
त्यातले साठ उसने,
तेही माझेच.

बॅटरी आणली रुस्तावीतल्या बंद पडलेल्या बँकेतून.
वीज गेली की तिथल्या संगणकांना ती धीर द्यायची,
आता किलोवर विकत होते.
मीटर लावला: अकरा पूर्णांक नऊ.
मेलेली नाही, रुसलीय, मी म्हटलं,
आणि दोन रात्री स्वयंपाकघरात
मुंगीच्या पावलांनी तिला वीज पाजली.
तिसऱ्या सकाळी साडेबारा.
मग चहा.

इन्व्हर्टर लिलोच्या बाजारातला.
वर छापलं होतं हजार वॅट,
मी वाचलं तीनशे.
छापील आकड्याला आधी तिनाने भागावं,
मग भाव करावा.

तार तांब्याची, करंगळीएवढी जाड;
बारीक तारेत वीज वाटेतच दमते
आणि दमली की तापते.
तीस अँपिअरचा फ्यूज, बॅटरीला अगदी चिकटून.
एल्गुजा म्हणाला, फ्यूज राहू दे, दोन लारी वाचतील.
मी पक्कड खाली ठेवली.
त्याने दोन लारी काढून दिले.

खोका मात्र त्याने आणला,
तिबिलिसीत कोरड्या पुलावरच्या जुन्या बाजारातून:
गार्मोनचा, आत लाल मखमल, वाद्य गायब.
बॅटरी त्यात बसली
लग्नात दुसरीच्या खुर्चीत बसलेल्या
जाड्या मावशीसारखी.

अबानोच्या खिंडीत रस्ता नव्हताच,
ढगांच्या कडेने चाक घसरत होतं,
आणि नऊ किलोंचं ते बाळ माझ्या मांडीवर.

ओमालोच्या वर, शेवटच्या घरात, दारेजान.
ऐंशी पार, लोकर विंचरून तळवे तेलकट मऊ.
तिने कॅमेऱ्याकडे पाहिलंच नाही.
खोक्याकडे पाहिलं.
"तुमच्यात वाजवतं कोण?"

एल्गुजा दिव्याच्या खांबाशी झटत होता.
मी झाकण उघडलं.
ती वाकली. बराच वेळ वाकून राहिली.
"आणि भाता?"

काय सांगणार? बटण दाबलं.
इन्व्हर्टर कण्हला,
एकच बारीक, लांब सूर,
रुस्तावीच्या गाड्यांच्या गलबल्यात
मी कधी ऐकलाच नव्हता.
बसारा, लांडग्याला न भिणारा कुत्रा,
उठला आणि मेंढ्यांच्या मध्ये जाऊन उभा राहिला.

दारेजानने मान तिरकी केली.
मग त्या सुराच्या खाली,
खूप खाली,
आपला सूर लावला.
आतून सून आली, पिठाच्या हातांनी,
आणि मधली रिकामी जागा पाहून
तिथे जाऊन उभी राहावी तशी गाऊ लागली.

बंद कर, एल्गुजा ओरडला, बॅटरी उतरतेय!
उतरतच होती. हिशोब माझाच:
दीडशे वेळा लखलखेल,
नुसतीच चालू ठेवली तर
तासाभरात गळून जाईल.
मी बटणावर बोट ठेवलं.
आणि बोट तिथेच राहिलं.

त्या गाण्याला कडवी किती, देव जाणे.
मधे कोणी तरी मेलं असावं,
कारण सुनेने डोळे पुसले, पीठ गालाला लागलं.
मग ते परत जिवंत झालं की काय,
दोघी हसल्या.

अकरा व्होल्टच्या खाली इन्व्हर्टर चिरकला.
"बेसूर झाला," दारेजान म्हणाली
आणि खुर्चीवर बसली, फोटोसाठी, शहाण्यासारखी.

थोडी निवांत बसू दिली की
उतरलेली बॅटरीही जरा जीव धरते.
चार लखलखाट मिळाले.
पहिल्यात डोळे मिटलेले.
दुसऱ्यात बसाराचं शेपूट.
तिसरा एल्गुजा कोणाला दाखवत नाही.
चौथ्यात ती चौकटीबाहेर पाहतेय,
खाली डावीकडे, जिथे खोका होता,
ओठ जरासे उघडे, समेवर यायला टपलेले.

तो अजून माझ्याशी तुटक बोलतो.
दुसरी बॅटरी मी बघून ठेवलीय, दवाखान्यातली,
समांतर जोडीन.
किलोचा भाव वाढलाय.