उघडीप

म्हापशात, शुक्रवारच्या बाजाराच्या मागल्या अंगाला
मळकर्णेकरांचं पेंडीचं दुकान.
मी तिथे हिशेब लिहायचो, आणि रोज अकराला
लाकडी जिना चढून वर आर्मिंदाबाईंकडे जायचो,
ब्राझीलचा पाऊस आणायला.

हो, ब्राझीलचाच.
थिवी-पिर्णेच्या गाई जी सोयापेंड खातात
तिचा भाव बार्देशात ठरत नाही,
इंदूरलाही अर्धाच ठरतो.
उरलेला ठरतो चीनमधल्या डुकरांच्या भुकेवर,
सांतुशच्या धक्क्यावर क्रेनवाले रुसले त्यावर,
मलेशियात ताडाचे घड उतरवायला माणसं किती आली त्यावर,
डॉलरवर,
आणि जन्मात शेंग न सोललेल्या
शिकागोतल्या काही लोकांच्या झोपमोडीवर.
मळकर्णेकर हे बोटांवर मोजायचे.
बोटं संपली की माझी मागायचे.

आर्मिंदाबाईंनी लिसेवच्या शेवटच्या वर्गांना शिकवलेलं.
भाच्यानं दिलेल्या लॅपटॉपवर त्या मातु ग्रोसुचा रेडिओ लावत
आणि आधी भाषेला नावं ठेवत:
"जीभ झोपाळ्यात टाकून बोलतात हे लोक."
मग सांगत. शूवा, पाऊस. साफ्रा, हंगाम.
मी वहीच्या मागच्या पानावर टिपून घ्यायचो.
महिन्याला पंधराशे, शिवाय कोंबड्यांसाठी एक गोण.

वायदा तेव्हा चालू होता.
जानेवारीत एका सकाळी नवा शब्द आला: वेरानिकु.
बाईंनी चष्मा काढला, पदरानं नाही, फ्रॉकच्या टोकानं पुसला.
"वेरांव म्हणजे उन्हाळा. हा छोटा, लाडातला.
आना लाडात आली की आनिका होते ना, तसा."
मी खाली येऊन म्हटलं, तिकडे उघडीप आहे.

फार चांगला शब्द आहे तो.
त्यात दोरीवरचे कपडे वाळतात,
कुणीतरी अंगणात खुर्ची काढतं.
मळकर्णेकरांनाही आवडला.
उघडीप म्हणजे कापणी, कापणी म्हणजे माल,
माल म्हणजे मंदी.
फोन उचलून त्यांनी वीस लॉट विकले,
आमच्याकडे नसलेला सोया,
जो तिकडेही अजून शेंगेत भरला नव्हता.

अठरा दिवस थेंब नाही.
शेंगा चपट्याच राहिल्या आणि भाव फुगला.
रोज संध्याकाळी ब्रोकरचा फोन, मार्जिन भरा.
मळकर्णेकर "भरतो" म्हणायचे
आणि फोन ठेवल्यावरही थोडा वेळ तेच म्हणत राहायचे.
आसगावचा प्लॉट गेला.
आता तिथे कुणाचातरी निळा तलाव आहे,
बारा महिने भरलेला.

मग एक दिवस ते स्वतः जिना चढले.
मी मागोमाग, भांडण सोडवायच्या तयारीनं.
बाई दारातच उभ्या. हातात जाडजूड, कसर लागलेला कोश.
"लिस्बनवाल्यांनी हा शब्द गोडच लिहिलाय, सेन्योर.
त्यांच्याकडे तो नोव्हेंबरात येतो, चेस्टनट भाजायला."
मळकर्णेकर खुर्चीत बसले. पाणी मागितलं. प्यायले.
"पण बाई, ह्याला आपल्यात म्हणायचं काय?"

मला शब्द येत होता. पहिल्या दिवसापासून येत होता.
आमच्या पेडण्याला आजोबा आभाळाकडे बघत तो म्हणायचे,
भात पोटरीत असताना.
मी दारातून म्हटलं,
ओढ. पावसानं ओढ दिली.

बाईंनी कोशात समासात लिहून घेतला.
त्या महिन्याचे पैसे त्यांनी घेतले नाहीत.
गोण मात्र मळकर्णेकरांनी पाठवली;
कोंबड्यांचा काय दोष.

आणि खाली पाटीवर मी नवा भाव लिहिला,
गोणीमागे साठ रुपये जास्त.
पिर्णेची शेवंती परब रिकामी किटली मांडीशी धरून
पाटीकडे बघत राहिली.
"कित्याक वाडलो रे?"
मी म्हटलं, तिकडे पाऊस नाही, मावशी.
तिनं मान वळवून रस्त्यावरचं लख्ख ऊन पाहिलं.
"जानेवारीत खंय आसता?" म्हणाली,
आणि नोटा दोनदा मोजून दिल्या.